अर्धे राहिलेले सामने



मागे आमचे वर्गावर्गांचे कबड्डीचे सामने चालू होते. शेवटचे दोन उरले अन् पावसाची झड लागली. पुढे असलेले म्हणाले, "आता आमीच पयले!" मागचे म्हणाले, "नाही, पुन्हा पयल्यापासून खेळा!"

असाच वाद २०२० साली कोरोनामुळे फुटबॉलमध्ये झाला. आपल्या देशातली आय-लीग स्पर्धा मार्चमध्ये थांबली. २८ सामने उरले होते. मोहन बागानचे १६ सामन्यांत ३९ गुण होते, ईस्ट बंगालचे २३. एका विजयाला ३ गुण. ईस्ट बंगालने उरलेले चारही सामने जिंकले असते, तरी २३ + १२ = ३५! दुसरा कोणताही संघ ३९ गाठू शकत नव्हता. म्हणून मोहन बागान विजेता ठरला. मात्र कोणालाही खालच्या गटात टाकले नाही. हे मला पटले. ज्याचा पेपर अर्धाच झाला, तो नापास कसा?

नेदरलँड्समध्ये आयाक्स आणि एझेड यांचे गुण सारखेच होते, ५६-५६. तिथे विजेताच ठरवला नाही. इंग्लंडने तीन महिने थांबून, प्रेक्षकांविना उरलेले सामने खेळवले.

म्हणून नियम आधीच ठरलेला बरा. आम्ही आता फळ्यावर लिहिले आहे : झड लागली तर उरलेले सामने उघाड पडल्यावर, आधीचे गुण कायम.

— एक विद्यार्थी, इयत्ता ७ वी