डोस वाढला, म्हणजे आजार वाढला का?

एडीएचडीच्या औषधांबद्दल घरोघरी सगळ्यात मोठा धसका असतो तो डॉक्टरांनी डोस वाढवण्याचा. "पॉवर वाढवलीय," असं आई हळू आवाजात आजीला फोनवर सांगते आणि आजी लगेच विचारते, "म्हणजे जास्त आहे का गं त्याला?" बहुतेक वेळा याचं उत्तर "नाही" असंच असतं. पण खासगी ओपीडीच्या दहा मिनिटांत ते कुणी नीट समजावतंच असं नाही. मग घरचे आपापल्या परीने अर्थ लावतात. कुणी अर्धीच गोळी देतं, कुणी डॉक्टर बदलतं, कुणी आठवडाभरात औषधच बंद करतं. चालू शकणारा उपचार अशा वेळी फुकट जातो, याचं फार वाईट वाटतं.

आपल्याकडे या आजारासाठी दिलं जाणारं प्रमुख उत्तेजक औषध म्हणजे मिथाइलफेनिडेट. साध्या गोळीची सुरुवात सहसा 5 मिग्रॅ, दिवसातून एकदा किंवा दोनदा अशी होते. पुढे आठवड्याच्या अंतराने 5 ते 10 मिग्रॅ वाढवत नेतात आणि दिवसाची कमाल मर्यादा साधारण 60 मिग्रॅ धरतात. म्हणजे पहिल्या चिठ्ठीवरचा डोस मुळात पुरेसा व्हावा म्हणून दिलेलाच नसतो. तो अंगाला मानवतो का, एवढंच त्यात पाहायचं असतं. नंतरची वाढ पहिल्या दिवसापासून ठरलेली असते. कुणाला किती लागेल हे मात्र आधी सांगता येत नाही. यकृतातलं एक विकर हे औषध मोडतं आणि त्याचा वेग माणसागणिक वेगळा असतो. त्यामुळे पंचवीस किलोच्या मुलाला 30 मिग्रॅ लागू शकतात आणि नव्वद किलोच्या माणसाचं 20 मिग्रॅमध्ये भागू शकतं. डोसच्या आकड्यावरून आजार किती मोठा, हे ओळखता येत नाही.

डोस शोधण्याचं हे काम किती मोलाचं आहे, ते अमेरिकेतल्या एमटीए नावाच्या अभ्यासाने दाखवलं. 1999 साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सात ते नऊ वर्षांची 579 मुलं त्यात होती आणि उपचार चौदा महिने चालले. एका गटाचा डोस पहिल्या 28 दिवसांत वेगवेगळे डोस देऊन, पालक आणि शिक्षकांच्या रोजच्या नोंदी पाहून ठरवला गेला. पुढे दर महिन्याला अर्ध्या तासाची भेट असे. दुसऱ्या एका गटातली मुलं आपापल्या भागातल्या डॉक्टरांकडे जात होती. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश मुलांना तशाच प्रकारची औषधं मिळत होती, तरी त्यांच्यात सुधारणा कमी दिसली. पहिल्या गटाचा सरासरी डोस दिवसाला 37.7 मिग्रॅ होता, दुसऱ्याचा 22.6. औषधाबरोबर वर्तनोपचारही मिळालेल्या मुलांचं 31.2 मिग्रॅमध्ये भागलं. अभ्यास संपल्यावर ती बारकाईची देखरेखही थांबली आणि तीन वर्षांच्या टप्प्यावर गटांमधला फरक उरला नाही. नुसती गोळी सुरू असणं आणि कुणीतरी लक्ष ठेवून डोस जुळवत असणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. खासगी डॉक्टरांना आपण फी देतो ती दुसऱ्या गोष्टीसाठी, असं माझं ठाम मत आहे.

"आता अगदी शांत बसतो, डोस बरोबर लागला." हा गैरसमज मला सगळ्यात घातक वाटतो, कारण तो कौतुकाच्या सुरात येतो. तिसरीतल्या एका मुलाचं उदाहरण घ्या. डोस वाढवल्यावर बाईंचा निरोप येतो, वर्गात आता काहीच त्रास नाही. घरी येताना मात्र तो रिक्षात गप्प असतो. रोज वाटेतल्या बसचे नंबर मोठ्याने वाचणारा मुलगा खिडकीबाहेर नुसता बघत राहतो. डबा जसाच्या तसा परत येतो, बोलावलं तर ओ देतो, पण चेहऱ्यावर काही उमटत नाही. हा डोस जास्त झाल्याचा इशारा असू शकतो. बरोबर डोसवर मूल स्वतःसारखंच राहतं. ते हसतं, हट्ट करतं, भावंडाशी भांडतं. फक्त हातात घेतलेलं गणित संपवू शकतं, आपली पाळी येईपर्यंत थांबू शकतं. म्हणून डॉक्टरांना "शांत झाला" एवढंच सांगू नका. वही पूर्ण होते का, खेळताना आवाज येतो का, जेवतो किती, झोपतो कधी, हे सांगा. बाईंचं मत घ्याच, पण रिक्षातल्या त्या अर्ध्या तासाची नोंदही फाइलमध्ये जाऊ द्या.

संध्याकाळी पाचच्या सुमारास रडारड, चिडचिड सुरू झाली की औषध "उलटलं" असं म्हणतात. साध्या गोळीचा परिणाम जेमतेम चार तास टिकतो. दुपारची गोळी उतरते तेव्हा लक्षणं काही वेळ उसळून येतात, त्यात भूकही लागलेली असते. अशा वेळी डोस कमी-जास्त करण्यापेक्षा वेळा बदलून किंवा दिवसभर हळूहळू सुटणारी गोळी देऊन काम होतं. मात्र असल्या गोळ्या कुटायच्या, चावायच्या किंवा डॉक्टरांना न विचारता तोडायच्या नाहीत. तसं केलं तर सगळं औषध एकदम सुटतं. कॉन्सर्टासारख्या गोळीचं रिकामं कवच शौचात अख्खं दिसतं, तेव्हा "गोळी विरघळलीच नाही" म्हणून दुसरी देऊ नका. औषध आधीच शरीरात गेलेलं असतं.

सवय लागेल ही भीती रास्त आहे, कारण मिथाइलफेनिडेटचा गैरवापर होतो. चूर्ण करून ओढलेलं किंवा परीक्षेच्या रात्री मित्राकडून घेतलेलं औषध आणि ठरल्या वेळी तोंडाने घेतलेलं औषध यांत मात्र फरक आहे. पोटातून जाताना ते मेंदूत सावकाश चढतं, म्हणून नशेसारखी उसळी सहसा येत नाही. गैरवापराच्या धोक्यामुळेच कायद्याने ते शेड्यूल एक्समध्ये ठेवलं आहे. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत केमिस्ट दोन वर्षं जपून ठेवतो आणि माल कुलपात राहतो. त्यासाठी वेगळा परवाना लागत असल्याने कोपऱ्यावरच्या दुकानात ते मिळत नाही. केमिस्ट आपल्याकडे संशयाने बघतोय असं वाटून कानकोंडं होऊ नका, तो नियम पाळतोय. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधीच दुकानात चौकशी करून ठेवा.

इथेच खासगी उपचारातला दुसरा समज येतो. "फी भरतो ना, मग व्हॉट्सॲपवर डोस वाढवून द्या." 25 मार्च 2020 च्या टेलिमेडिसिनच्या नियमांनुसार शेड्यूल एक्समधली औषधं ऑनलाइन लिहून देता येत नाहीत. व्हिडिओ कॉलवर त्रासाबद्दल बोलता येतं, मिथाइलफेनिडेटची चिठ्ठी मात्र समोर बसूनच. "फीसाठी बोलावतात" ही तक्रार मीही ऐकते. पण डोस बदलताना नाडी आणि रक्तदाब आधी आणि नंतर तपासायचा असतो. वजनावर लक्ष ठेवायचं असतं, मुलांची उंची दर सहा महिन्यांनी मोजून आलेखावर मांडायची असते, कारण भूक मंदावते आणि वाढ थोडी रेंगाळू शकते. या गोष्टी होत असतील तर भेट सार्थकी लागली. चार-पाच भेटींत कुणी एकदाही रक्तदाब मोजला नसेल, तर स्पष्ट विचारा. विचारणं हा उद्धटपणा होत नाही. सुरुवातीलाच हेही विचारून घ्या की डोस ठरेपर्यंत अंदाजे किती भेटी लागतील आणि त्यानंतर किती महिन्यांनी यायचं. खर्चाचा अंदाज आला की मधेच उपचार तुटत नाहीत. ईसीजी सरसकट सगळ्यांना लागत नाही. पण घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, किंवा मूल धावताना चक्कर येऊन पडलं असेल, तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी ते सांगा.

ॲटोमोक्सेटीनचं गणित निराळं आहे. ते उत्तेजक नाही, आणि मुलांमध्ये त्याचा डोस वजनावर ठरतो. दर किलोला 0.5 मिग्रॅपासून सुरुवात करून 1.2 मिग्रॅपर्यंत नेतात. तीस किलोच्या मुलासाठी म्हणजे 15 पासून 36 मिग्रॅच्या आसपास. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. दहाव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून दुसरे डॉक्टर गाठले, तर तेही बिचारे पुन्हा शून्यापासून सुरुवात करतात. रविवारी गोळीला सुट्टी देण्याची पद्धतही याला लागू नाही, हे रोज घ्यावंच लागतं. सोबत फ्लुऑक्सेटीन किंवा पॅरॉक्सेटीन चालू असेल तर ॲटोमोक्सेटीन शरीरात साठत जातं आणि डोस कमी ठेवावा लागतो. मोठ्या माणसांच्या बाबतीत हे हमखास राहून जातं, कारण नैराश्याची गोळी एका डॉक्टरांची आणि एडीएचडीची दुसऱ्यांची असते. सुरुवातीच्या आठवड्यांत मुलाच्या मनःस्थितीवर नजर हवी. मरणाचे विचार बोलून दाखवले तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं.

डोस एकदा जुळला म्हणजे तो जन्मभराचा, असंही नाही. औषधाची अजून गरज आहे का, हे निदान वर्षातून एकदा तपासावं. काही दिवस औषध थांबवून बघायचं असेल तर ते डॉक्टरांशी ठरवून, परीक्षेचा काळ टाळून करावं.

डॉक्टर बदलणं कधीकधी भाग पडतं. बदली होते, डॉक्टर दुसरीकडे जातात, फी झेपेनाशी होते. तेव्हा एका कागदावर एवढं लिहून न्या: कोणतं औषध, किती मिग्रॅ, कोणत्या तारखेपासून, काय सुधारलं, काय त्रास झाला, का बदललं. परदेशातून परतणाऱ्यांनी हातातला साठा संपायच्या आधी वेळ घ्यावी. अमेरिकेत सर्रास दिलं जाणारं ॲडरॉल आपल्याकडे विकत मिळत नाही, त्यामुळे दुसरं औषध लहान डोसपासून पुन्हा जुळवावं लागतं. आणि खासगी उपचार परवडेनासे झाले तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचाराची ओपीडी असते. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. जवळ काय आहे हे कळत नसेल तर टेलिमानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर विचारता येतं. तिथे जातानाही तो कागद आणि जुन्या चिठ्ठ्या बरोबर ठेवा, म्हणजे नव्या डॉक्टरांना डोस जिथे थांबला होता तिथून पुढे नेता येईल.