रोजगारविषयक राजकीय विधाने व त्यांचे मोजमाप : खानदेशातील काही उदाहरणे

निवडणुकीच्या काळात रोजगाराविषयी तीन प्रकारची विधाने विशेषेकरून ऐकू येतात : अमुक इतका रोजगार निर्माण झाला, बेकारी घटली, मजुरी वाढली. ही तिन्ही विधाने एकाच अर्थाची आहेत अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः त्यांची मापे भिन्न आहेत व एक विधान खरे असूनही दुसरे खोटे ठरू शकते. कापूस व केळी पिकविणाऱ्या जळगाव आणि धुळे या जिल्ह्यांत सालदार, रोजंदारीवरील मजूर व सरकारी कामावरील मजूर असे श्रमिकांचे निरनिराळे वर्ग आढळत असल्यामुळे हा भेद तेथे स्पष्टपणे पाहता येतो.

प्रथम ‘निर्माण झालेल्या रोजगारा’चा विचार करू. सार्वजनिक कामांवरील रोजगार मनुष्यदिवसांत मोजला जातो. एका व्यक्तीने एक दिवस केलेले काम म्हणजे एक मनुष्यदिवस होय. एक लाख मनुष्यदिवस म्हणजे एक हजार व्यक्तींना प्रत्येकी शंभर दिवस काम, किंवा दहा हजार व्यक्तींना प्रत्येकी केवळ दहा दिवस काम. आकडा एकच, परंतु पहिल्या स्थितीत कुटुंबाला आधार मिळतो, तर दुसऱ्या स्थितीत त्याचे स्थलांतर क्वचितच टळते. सभेत मात्र हाच आकडा ‘एक लाख रोजगार’ म्हणून सांगितला जाण्याचा संभव असतो.

बेकारीच्या आकड्याचेही असेच आहे. 2017 पासून देशात होत असलेल्या नियतकालिक श्रमबल पाहणीच्या साप्ताहिक मापानुसार, संदर्भ-आठवड्यात कोणत्याही दिवशी एक तास जरी काम केले तरी ती व्यक्ती कामावर असल्याचे धरले जाते. कापूसवेचणीच्या हंगामात त्यामुळे बेकारी अल्प दिसणे स्वाभाविक आहे. वेचणी संपल्यावर त्याच मजुराचे काय होते, हे त्या आठवड्याचा आकडा सांगत नाही. शिवाय जिने काम शोधणेच सोडून दिले व जी कामास उपलब्धही राहिली नाही, अशा स्त्रीची गणना बेकारांत होत नाही.

मजुरीच्या बाबतीत पैशातील मजुरी व खरी मजुरी यांत फरक करणे अवश्य आहे. खानदेशात सालदाराचा करार आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरण्याची प्रथा आहे. करारातील रक्कम शेकडा 10 ने वाढली आणि त्याच अवधीत किमती शेकडा 15 ने वाढल्या, तर खरी मजुरी शेकडा 4 हून अधिक घटते. जळगावच्या कामगारवर्गासाठी किंमतींचा स्वतंत्र निर्देशांक राज्याच्या कामगार खात्याकडून दीर्घकाळ प्रसिद्ध होत होता, तो याच तुलनेसाठी.

आश्वासनाचे कायदेशीर हक्कात रूपांतर करण्याचा महत्त्वाचा प्रयत्न महाराष्ट्रातच झाला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेनुसार 1965 मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात प्रयोग झाला. 1972 च्या दुष्काळाच्या सुमारास योजनेला राज्यव्यापी रूप आले. तिच्या खर्चासाठी 1975 मध्ये व्यवसाय कर बसविण्यात आला. 1977 मध्ये संमत झालेला रोजगार हमी कायदा 26 जानेवारी 1979 पासून अंमलात आला. मागणीनंतर 15 दिवसांत काम न दिल्यास बेकारभत्ता देण्याचे बंधन शासनावर आले. 2005 चा केंद्रीय कायदा धुळे जिल्ह्यास 2006 मध्ये व जळगाव जिल्ह्यास 2008 मध्ये लागू झाला. त्यावरून ग्रामीण रोजगाराची हमी या जिल्ह्यांस तेव्हाच प्रथम मिळाली असे कोणी म्हटल्यास ते यथार्थ होणार नाही.

तथापि कायदा झाला म्हणजे हमी पूर्ण झाली असेही नाही. 1988 मध्ये राज्यातील शेतमजुरांचे किमान वेतन दुप्पट करण्यात आले व त्याबरोबर हमीच्या कामांवरील मजुरीही वाढली. ‘मजुरी दुप्पट झाली’ हे विधान अर्थातच खरे होते. परंतु मार्टिन रॅव्हेलियन, गौरव दत्त व शुभम चौधुरी यांनी 1993 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसून आले की, त्यानंतर योजनेवरील रोजगार घटला आणि मागेल त्याला काम मिळण्याऐवजी कामाचे वाटप मर्यादित होऊ लागले. दर वाढला, पण दिवस कमी झाले. मजुराच्या घरी येणारी रक्कम या दोहोंच्या गुणाकाराने ठरते. म्हणून केवळ दर सांगणारे विधान अपुरे असते.

या संदर्भात शहादा तालुक्याचा अनुभव लक्षणीय आहे. हा तालुका 1998 पर्यंत धुळे जिल्ह्यात होता व पुढे नव्या नंदुरबार जिल्ह्यात गेला. 1970 नंतरच्या काळात अंबरसिंग महाराज व 1972 मध्ये स्थापन झालेली श्रमिक संघटना यांच्या नेतृत्वाखाली तेथील आदिवासींनी जमीन व मजुरी यांविषयीच्या मागण्या संघटितपणे मांडल्या. काम किती मिळते व दाम किती पडतो याचा हिशेब मजुरांनी स्वतः मागितला, हे त्या चळवळीचे वैशिष्ट्य होय.

सारांश, रोजगारविषयक विधानास चार प्रश्न विचारले पाहिजेत : किती व्यक्तींना, किती दिवस, किंमतींच्या मानाने कोणत्या मजुरीवर, आणि न मिळाल्यास दाद कोणाकडे. यांपैकी चौथा प्रश्न बहुधा विसरला जातो. काममागणीच्या अर्जाची दिनांकित पोच मजुराच्या हाती नसेल, तर 15 दिवसांची मुदत केव्हा सुरू झाली हेच सिद्ध करता येत नाही, आणि मग बेकारभत्त्याची तरतूद कागदावरच राहते.