बोंबलाचा माग

कोकणच्या किनाऱ्यावर बोंबील ही नित्याची मासळी. तथापि वर्गात ‘बोंबलाविषयी माहिती मिळवा’ असे सांगितले, म्हणजे विद्यार्थी इंटरनेटच्या महाजालात शिरतो आणि पहिल्याच पावलाला अडखळतो. या माशाचे इंग्रजी नाव ‘बॉम्बे डक’ असे आहे. त्यातील ‘डक’ म्हणजे बदक! तेवढाच शब्द धरून जो शोधू लागेल, त्याच्यापुढे पाणपक्ष्यांचे थवे येऊन उभे राहतील. बरे, मराठी नाव घालावे, तर कालवणाच्या पाककृतींचा पूर लोटतो. पाककृतींतही ज्ञान असते. पण येथे हवे असते ते निराळे.

एकाच माशाला ठिकठिकाणी निरनिराळी नावे असणे, ही अडचण जुनीच आहे. गुजरातेत बोंबलाला ‘बुमला’ म्हणतात, बंगालात ‘लोटे’ म्हणतात. म्हणूनच शास्त्रज्ञांनी प्रत्येक जातीला दोन शब्दांचे एक नाव देण्याची रीत पाडली. बोंबलाचे शास्त्रीय नाव ‘हार्पाडोन नेहेरियस’. त्यातील ‘नेहेरियस’ हा शब्द फ्रान्सिस हॅमिल्टन याने 1822 साली प्रसिद्ध केलेल्या, गंगेतील माशांवरील ग्रंथात प्रथम आला. मुंबईकरांच्या आवडत्या माशाचे बारसे असे गंगेच्या काठी झाले, हे मौजेचे आहे. हे नाव रोमन लिपीत घालताच बदके नाहीशी होतात.

मग प्रश्न उरतो तो विश्वासाचा. महाजालात कोणीही काहीही लिहू शकतो. म्हणून लेखन कोणाचे आहे, हे आधी पाहावे. ‘फिशबेस’ नावाचा माशांचा कोश 1996 पासून महाजालावर आहे व त्यात 35,000 हून अधिक जातींची नोंद आहे. भारतीय मासळीसाठी केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेचे अहवाल पाहावेत. ही संस्था 1947 साली स्थापन झाली व तिचे मुख्यालय कोची येथे आहे. बोंबील मुख्यतः सौराष्ट्र, महाराष्ट्र व बंगालच्या किनाऱ्यांवर सापडतो. त्याचे तोंड मोठे, दात आत वळलेले. कोळी तो डोल जाळ्याने पकडतात. जवळा, करंदी आणि प्रसंगी आपल्याच जातीची पिल्लेही तो खातो, अशी माहिती अभ्यासकांच्या लेखनातून मिळते. त्याची लांबी सामान्यतः 25 सेंटीमीटर व फार तर 40 सेंटीमीटर असते. मात्र ही लांबी शेपटीसह मोजलेली आहे की शेपटी सोडून, हे पाहावे लागते. हे ध्यानी न घेता बाजारातील बोंबलास पट्टी लावणारा फसेल.

आता एका प्रसिद्ध कथेची परीक्षा पाहण्याजोगी आहे. सुके बोंबील मुंबईहून टपालगाडीने जात. गाडीला त्यांचा वास येई. ‘बॉम्बे डाक’ याचे ‘बॉम्बे डक’ झाले, असे असंख्य ठिकाणी लिहिलेले आढळते. कथा इतकी गोड आहे की ती खरी नसावी, याचे वाईट वाटते! पण मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी निघाली ती 1853 साली. त्यापूर्वीच्या इंग्रजी लेखनात ‘बॉम्बे डक’ हे नाव आलेले आहे. मग आगगाडीवरून ते पडले कसे? शंभर पानांवर एकच मजकूर दिसला, म्हणजे शंभर साक्षीदार झाले असे होत नाही. बहुधा एकाचे नव्याण्णवांनी उतरवून घेतलेले असते.

खऱ्या ज्ञानातही फेरफार होतात. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील रुपेरी पापलेटाला दीर्घकाळ ‘पाम्पस अर्जेन्टियस’ म्हणत. अलीकडच्या संशोधनानंतर अभ्यासक त्यास ‘पाम्पस कॅन्डिडस’ म्हणू लागले. महाराष्ट्राने 2023 साली राज्यमासा म्हणून मान दिला तो याच पापलेटाला. जुन्या पानांवर मात्र जुनेच नाव राहते. यास्तव पान कोणत्या साली लिहिले, हेही टिपून ठेवावे लागते.

वहीत इतके उतरल्यावर विद्यार्थ्याने बाजारात जावे. ताजा बोंबील व शिळा बोंबील यांतील फरक कोळीण बोटाने दाबून सांगते. तो स्पर्श कोणत्याही पडद्यावर उमटत नाही. तिचे सांगणे टिपावे, आणि त्यापुढे तारीख व बंदराचे नाव घालावे.