पित्तलवणे आणि पेशीपटलाची द्वारे

पित्ताचा कारभार यकृत आणि आतडे यांच्या हद्दीत संपतो, आणि अन्नातील स्नेहाचे सूक्ष्म कण करून देणे एवढीच त्यातील लवणांची नेमणूक, अशी समजूत शरीरशास्त्राच्या ग्रंथांत दीर्घकाळ नांदली. तरीही काविळीने पिवळ्या पडलेल्या रोग्याची नाडी कधी कधी विलक्षण मंद चालते, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकातील वैद्यांच्या नजरेतून सुटली नव्हती. पित्तलवणे पेशीपटलाच्या द्वारांवर काय परिणाम करतात, या विषयाचा खरा आरंभ मी त्या नाडीपाशी मानतो.

प्रयोगशाळेने मात्र आधी रेणूच्या घडणीचा पाठपुरावा केला. हाइनरिख वीलांड यांना पित्ताम्लांवरील, म्हणजे ही लवणे ज्यांपासून बनतात त्या आम्लांवरील, संशोधनाबद्दल 1927 सालचे नोबेल पारितोषिक लाभले. त्यांनी मांडलेला सांगाडा 1932 मध्ये दुरुस्त करावा लागला, तथापि एक बाजू पाण्याकडे आणि दुसरी स्नेहाकडे ओढ घेणारी अशी या रेणूची द्विविध प्रकृती त्या चार कड्यांच्या सांगाड्यावाचून उमगली नसती. याच प्रकृतीमुळे ही लवणे साबणासारखी वागतात, आणि पेशीपटलावरील त्यांचा परिणाम म्हणजे साबणाने केलेली नासधूस, असे म्हणून तो पुष्कळदा निकालात काढला गेला.

1976 मध्ये एर्विन नेहर व बेर्ट साकमान यांनी काचेच्या बारीक नळीचे टोक पेशीपटलास भिडवून एकेका आयन-वाहिनीतील, म्हणजे विद्युत्भारित कणांना वाट देणाऱ्या पटलातील द्वारातील, विद्युत्प्रवाह मोजला, तेव्हा कोठे तपासाचे साधन हाती आले. पुढे अमेरिकेतील मेम्फिस येथे झालेले काम मला सर्वांत मोलाचे वाटते. धमन्यांच्या स्नायुपेशींत कॅल्शियमच्या इशाऱ्याने उघडून पोटॅशियम बाहेर सोडणारी एक मोठी वाहिनी असते. लिथोकोलिक या पित्ताम्लाने तिचे उघडणे वाढते आणि धमनी सैलावते. परंतु या वाहिनीला बीटा-1 नावाच्या सहायक प्रथिनाची जोड नसेल, तर तेच आम्ल निष्प्रभ ठरते, असे 2007 मध्ये सिद्ध झाले. नुसती साबणाची क्रिया असती, तर तिने या सहायकाच्या असण्यानसण्याची दखल का घ्यावी?

1999 मध्ये सापडलेल्या एका सोडियम-वाहिनीचे प्रयोजन बरीच वर्षे अज्ञात होते. रॅट या मोठ्या उंदरात बाहेरचे कॅल्शियम तिला मिटवून ठेवते, माऊस या लहान उंदरात ती उघडीच राहते, आणि हा भेद अवघ्या एका अमिनो आम्लाचा. ती पित्ताम्लांनी उघडते आणि पित्तनलिकांच्या पेशींत विपुल असते, हे जर्मनीतील आखेनच्या संशोधकांनी 2012 मध्ये दाखविले; भोवतालच्या पटलातील बदलही तिला जाणवतात, असे पुढील प्रयोगांनी सुचविले. म्हणजे प्रथिन आणि पटल यांपैकी एकाच्याच बाजूने फैसला देण्याची घाई उचित नव्हे.

गर्भवतीचा पित्तप्रवाह मंदावून तिच्या रक्तात पित्ताम्ले साचतात, तेव्हा हे सारे शास्त्र जन्ममरणाच्या प्रश्नाला येऊन भिडते. टॉरोकोलेट या पित्तलवणामुळे संवर्धित हृदयपेशींच्या स्पंदनांची लय बिघडते, हे प्रयोगशाळेत दिसले आहे. आणि आईच्या रक्तातील पित्ताम्लांचे प्रमाण लिटरमागे 100 मायक्रोमोल किंवा अधिक झाले की मृतजन्माचा धोका वाढतो, हे 2019 मध्ये अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून स्पष्ट झाले. त्याच वर्षीच्या एका मोठ्या चाचणीत या विकारावर औषध म्हणून दिल्या जाणाऱ्या अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाने अर्भकांवरील संकटे कमी झाल्याचे आढळले नाही. म्हणून वारंवार रक्त तपासून प्रसूतीची वेळ ठरविणे, यावरच प्रसूतितज्ज्ञांना आज मुख्य भिस्त ठेवावी लागते.