भुलीखालच्या घोड्याचे हृदय

सुमारे ४५० किलो वजनाच्या घोड्याचे हृदय चार किलोच्या आसपास भरते. विश्रांतीत त्याचे ठोके मिनिटाला २८ ते ४४ असतात, शर्यतीत ते २२०च्याही पुढे जातात. एवढी ताकद राखून असलेले हे हृदय संपूर्ण भुलीखाली मात्र लवकर अडचणीत येते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, ४१ हजारांहून अधिक घोड्यांच्या आंतरराष्ट्रीय पाहणीत भुलीनंतर सात दिवसांत दगावलेल्यांचे प्रमाण १.९ टक्के होते. पोटशूळाच्या शस्त्रक्रिया वगळल्या तरी ते ०.९ टक्के उरले. यातले सुमारे एक तृतीयांश मृत्यू हृदय बंद पडल्याने किंवा रक्ताभिसरण कोलमडल्याने झाले होते.

भुलीआधी घोड्याला शांत करण्यासाठी झायलाझिन किंवा डेटोमिडीन देतात. त्याने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब सुरुवातीला चढतो आणि हृदय मंदावते. कधी कर्णिकेकडून निघालेला विद्युतसंदेश जवनिकेपर्यंत पोचतच नाही आणि एखादा ठोका गळतो. असा गळलेला ठोका तंदुरुस्त शर्यतीच्या घोड्यात विश्रांतीतही सापडतो आणि घोडा धावू लागला की नाहीसा होतो, म्हणून केवळ त्यावरून घाबरण्याचे कारण नसते. काळजी असते ती दर मिनिटाला हृदयातून बाहेर पडणारे रक्त घटते याची. त्यानंतर घोड्याला आडवे पाडणारे केटामिन हृदयाला काहीसे उत्तेजन देते, पण तो आधार थोडाच वेळ टिकतो.

मोठा फटका बसतो तो पुढे नळीतून दिल्या जाणाऱ्या वायूचा. आयसोफ्लुरेनने रक्तवाहिन्या सैलावतात, हृदयाच्या स्नायूंचे आकुंचनही दुबळे होते आणि मात्रा वाढेल तसा रक्तदाब घसरतो. पूर्वीचे हॅलोथेन हृदयाला अधिक दुबळे करी, शिवाय ॲड्रेनॅलिनसमोर ठोके अनियमित होण्याचा धोका वाढवी.

त्यात घोड्याचे वजन. उताणे निजवले की आतड्यांचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर आणि श्वासपटलावर येतो. हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते, फुप्फुसेही नीट फुगत नाहीत. कृत्रिम श्वासाने वायूंची देवाणघेवाण सुधारते, पण छातीतला दाब वाढून रक्ताचे परतणे आणखी मंदावते. खाली दबलेल्या स्नायूंना रक्त पुरेनासे झाले तर ते सुजतात, कडक होतात आणि शुद्धीवर आलेल्या घोड्याला उभे राहणे अवघड जाते.

म्हणून चेहऱ्यावरच्या धमनीत बारीक नळी घालून रक्तदाब सतत मोजतात आणि सरासरी ७० मिलिमीटरच्या खाली जाऊ देत नाहीत. तो उतरू लागला की आधी वायूची मात्रा कमी करतात, शिरेतून द्रव देतात आणि गरज पडल्यास डोब्युटामिनचा थेंब-थेंब प्रवाह सुरू करतात. ठोके वाढवणारे ॲट्रोपिन घोड्यात जपूनच वापरतात, कारण त्याने आतड्यांची हालचाल थांबून पोटशूळ उठू शकतो. दातांच्या, डोळ्यांच्या आणि सायनसच्या अनेक शस्त्रक्रिया आता घोडा उभा ठेवून, गुंगीचे औषध आणि स्थानिक भूल देऊन केल्या जातात, ज्यामुळे वायूही टळतो आणि आडवे पडणेही.