'बीप'च्या पलीकडे

सिनेमातला आयसीयूचा सीन ठरलेला असतो. मॉनिटरवर नागमोडी रेघ, 'बीप बीप', मग अचानक रेघ सरळ आणि बाहेर नातेवाइकांचा हंबरडा. खऱ्या आयसीयूत मात्र लढाई रेघ सरळ होण्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते. ती लढणाऱ्यांत रात्रभर स्क्रीनसमोर उभे असलेले सिस्टर आणि ब्रदरही असतात. त्यातले कित्येक जण तुमच्या-आमच्याच वयाचे, बावीस-तेवीसचे!

या कामाचं नाव आहे हिमोडायनॅमिक मॉनिटरिंग. नाव जड, पण प्रश्न साधा आहे : रक्त सगळ्या अवयवांपर्यंत पुरेसं पोचतंय का?

65 चं गणित

आपल्याला बीपीचे दोन आकडे माहीत असतात, वरचा आणि खालचा. आयसीयूतली नर्स तिसराही बघते, तो म्हणजे 'मॅप', अर्थात धमन्यांमधला सरासरी दाब. खालचा आकडा दुप्पट करा, त्यात वरचा मिळवा आणि तीनने भागा. 85/55 बीपी असेल तर मॅप येतो 65. खालचा आकडा दुप्पट का? कारण हृदय आकुंचन पावण्यापेक्षा सैल पडण्यात जास्त वेळ घालवतं. जंतुसंसर्गामुळे शॉकमध्ये गेलेल्या पेशंटचा मॅप सुरुवातीला निदान 65 वर ठेवायचा, असा साधारण दंडक आहे. औषधाचा पंप वाढवायचा की कमी करायचा, हे बरंचसं या आकड्यावर ठरतं.

म्हणूनच आकडा खरा असायला हवा. गंभीर पेशंटच्या मनगटातल्या धमनीत बारीक नळी घालतात. सलाइनने भरलेल्या ट्यूबमधून दाबाची लाट ट्रान्सड्युसरपर्यंत जाते आणि तिथून स्क्रीनवर उमटते. हा ट्रान्सड्युसर हृदयाच्या पातळीतच हवा. चौथ्या बरगडीखालची फट आणि छातीच्या कडेची मधली रेघ जिथे मिळतात, ती त्याची जागा.

आता समजा, पेशंटला बरं वाटावं म्हणून कुणीतरी बेडची डोक्याकडची बाजू वर केली. हृदय वर गेलं, स्टँडवरचा ट्रान्सड्युसर होता तिथेच राहिला. दहा सेंटीमीटरचा फरक पडला, तरी आकडा साधारण साडेसातने जास्त दिसतो. म्हणजे स्क्रीनवर 65, पण खरा दाब 58 च्या आसपास. अलार्म वाजत नाही, कारण मशीनच्या मते सगळं ठीक आहे. चूक पकडते ती नर्सची नजर. पेशंटला हलवलं की पातळी पुन्हा तपासायची, ही सवय म्हणूनच अंगात मुरावी लागते.

डेंग्यूचा चकवा

कधी आकडा खरा असतो, तरीही फसवतो. पावसाळ्यात डेंग्यूने अ‍ॅडमिट झालेला कॉलेजचा मुलगा डोळ्यांसमोर आणा. ताप उतरलाय, तो बोलतोय, मोबाइल बघतोय. बीपी 100/85. वरचा आकडा ठीकठाक, मॅप काढला तर चक्क 90. पण दोन आकड्यांमधलं अंतर फक्त 15! डेंग्यूत रक्तातला द्रव रक्तवाहिन्यांबाहेर झिरपतो आणि हे अंतर आकसत जातं. ते 20 किंवा त्याहून कमी झालं की तो डेंग्यू शॉकचा इशारा मानतात. वरचा आकडा कोसळायची वाट बघितली, तर उशीर झालेला असतो.

अशा वेळी नर्स स्क्रीन सोडून पेशंटकडे वळते. हातपाय गार पडलेत का? नाडी बारीक लागतेय का? लघवी किती झाली? साठ किलोच्या माणसाला तासाला निदान तीस मिली तरी व्हायला हवी. शिवाय बोटाच्या टोकाची टेस्ट आहेच. बोट दहा सेकंद दाबून सोडायचं आणि फिकट पडलेला रंग परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. तीन सेकंदांपेक्षा जास्त लागले तर सावध! 2019 मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या पाच देशांत सेप्टिक शॉकच्या पेशंटवर झालेला अभ्यास गाजला. त्यात उपचारांची दिशा ठरवताना ही फुकटातली टेस्ट रक्तातल्या लॅक्टेटच्या तपासणीपेक्षा कमी ठरली नाही.

यात करिअर करायचंय?

जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंगनंतर क्रिटिकल केअरचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा करता येतो. बीएस्सी आणि अनुभवानंतर 'नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर' हा दोन वर्षांचा पदव्युत्तर कोर्सही आहे.

आणि तुम्ही नातेवाईक म्हणून आयसीयूत गेलात तर एवढंच करा : बेड वर-खाली करण्याआधी सिस्टरला विचारा. पेशंटचा हात आधीपेक्षा गार लागला, तो नेहमीसारखा बोलत नसला, तर स्क्रीनवर काहीही दिसत असो, लगेच सांगा. नर्सला ही माहिती हवीच असते.