नाव बदलले, तरी दार उघडेना!

केवळ नावापायी एखाद्या देशाचा व्यापार अडवला जावा, हे ऐकून कुणालाही नवल वाटेल. पण बाल्कन प्रदेशातील उत्तर मॅसिडोनिया या चिमुकल्या देशाने ते अनुभवले आहे. क्षेत्रफळ सुमारे २५,७०० चौरस किलोमीटर, लोकसंख्या जेमतेम १८ लाख आणि समुद्रकिनारा नाही. १९१० मध्ये मदर तेरेसांचा जन्म झाला तो स्कोपिये शहरात. हे शहर आज या देशाची राजधानी आहे. आपल्याकडे हा देश कुणाला ठाऊक असलाच तर तेवढ्यामुळेच!

सिकंदर कुणाचा?

१९९१ मध्ये युगोस्लाव्हिया फुटू लागला, तेव्हा हा देश युद्धाविना स्वतंत्र झाला. पण 'मॅसिडोनिया' या नावाला शेजारच्या ग्रीसने हरकत घेतली. ग्रीसच्या उत्तर भागाचे नावही मॅसिडोनियाच. सिकंदराचा वारसा आमचा, आज तुम्ही नाव घ्याल, उद्या आमचा प्रांत मागाल, अशी ग्रीसची भीती होती. त्यामुळे १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाचे सदस्यत्व मिळाले तेही 'मॅसिडोनियाचे माजी युगोस्लाव्ह प्रजासत्ताक' या तात्पुरत्या नावाने.

फेब्रुवारी १९९४ मध्ये ग्रीसने व्यापारबंदी लादली. या देशाचा माल ज्या थेस्सालोनिकी बंदरातून येत-जात असे, ते बंदरच बंद झाले. उत्तरेकडून माल आणावा, तर युगोस्लाव्हियावर राष्ट्रसंघाचे निर्बंध होते. उरले ते बल्गेरिया आणि अल्बानियाकडचे डोंगराळ, अडचणीचे रस्ते. वाहतूक महागली, कारखाने अडचणीत आले. अखेर १९९५ मध्ये ध्वजावरचा सूर्य बदलण्याचे मान्य झाले, तेव्हा कुठे बंदी उठली.

माघार आणि मोबदला

वाद मात्र मिटला नव्हता. २००८ मध्ये ग्रीसच्या विरोधामुळे या देशाचा 'नाटो'प्रवेश अडला. तिकडच्या सरकारनेही मग इरेला पेटून राजधानीत घोड्यावर बसलेल्या योद्ध्याचा प्रचंड पुतळा उभारला. तो सिकंदरच, हे न सांगताही सर्वांना कळले!

तोडगा निघाला जून २०१८ मध्ये. प्रेस्पा सरोवराच्या काठी करार झाला आणि देशाने 'उत्तर मॅसिडोनिया' हे नाव पत्करले. मार्च २०२० मध्ये 'नाटो'चे सदस्यत्व मिळाले. आता युरोपीय संघाचे दारही उघडेल, असे लोकांना वाटले. पण नोव्हेंबर २०२० मध्ये दुसरा शेजारी, बल्गेरिया, आडवा आला. तुमची भाषा आणि तुमचा इतिहास मुळात आमचाच, असे त्याचे म्हणणे. २०२२ मध्ये अट ठरली, की राज्यघटनेत बल्गेरियन समाजाचा उल्लेख करावा. २०२१ च्या जनगणनेत या समाजाची संख्या होती अवघी साडेतीन हजार!

मागणी किरकोळ वाटेल. पण घटनादुरुस्तीला १२० पैकी ८० मते लागतात. शिवाय एकदा नाव बदलूनही फसवणूक झाली, ही लोकांची भावना. २०२४ च्या निवडणुकीत याच नाराजीवर स्वार होऊन विरोधक सत्तेवर आले. देशाच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष गोर्दाना सिल्यानोव्स्का-दाव्कोवा यांनी शपथविधीत जुनेच नाव उच्चारले आणि ग्रीसच्या राजदूत समारंभातून निघून गेल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युरोपीय संघाने अल्बानियाला या जोडीतून वेगळे काढून पुढे जाऊ दिले.

किंमत कोण मोजतो?

गंमत अशी, की मालाला युरोपचे दार केव्हाच उघडले आहे. इथल्या परकीय कारखान्यांत मोटारींचे सुटे भाग तयार होतात. निर्यातीचा फार मोठा हिस्सा युरोपीय संघात जातो आणि त्यातही जर्मनी सर्वांत मोठा गिऱ्हाईक. म्हणजे माल युरोपचा झाला, देश मात्र उंबरठ्यावरच!

तरुण पिढी मात्र उंबरठ्यावर थांबायला तयार नाही. २००२ च्या जनगणनेत लोकसंख्या २० लाखांवर होती, २०२१ मध्ये ती १८ लाख ३६ हजारांवर आली. कमी जन्मदर हे एक कारण, पण मोठे कारण आहे ते परदेशी निघून जाणारी तरुण मुले. इतिहासावर दोन्हीकडचे पुढारी आणखी कितीही वर्षे भांडू शकतील. पण तोवर ज्या घरातली मुले जर्मनीला गेली, त्या घरातल्या आईवडिलांना देशाचे नाव काय ठरले याने काय फरक पडणार?